लुईझ बूर्ज्वाची नित्यसाधना : रेखा, शिवण, रंग

कलावंताच्या रोजच्या कामाचा आणि त्याच्या हाताला पडलेल्या वळणाचा कलाकृतीच्या मूल्यमापनाशी कितपत संबंध आहे, हा प्रश्न समीक्षेत वारंवार उपस्थित होतो आणि बहुधा अनिर्णित राहतो. लुईझ बूर्ज्वा (1911–2010) या पॅरिसमध्ये जन्मलेल्या व आयुष्याची सात दशके न्यूयॉर्कमध्ये घालविलेल्या शिल्पकर्त्रीच्या बाबतीत मात्र तो टाळता येत नाही. तिची जागतिक कीर्ती पोलादी व ब्राँझच्या प्रचंड कोळ्यांवर उभी आहे. परंतु तिच्या कलाजीवनाचा खरा पाया म्हणजे टेबलाशी बसून केलेले, आकाराने लहान आणि संख्येने अफाट असे काम : रात्री काढलेली रेखाटने, जुन्या कपड्यांतून शिवलेली कापडी चित्रे व पुस्तके, आणि अखेरच्या वर्षांतील ओल्या कागदावरची तांबडी रंगचित्रे.

या कामाविषयी एक मत आता जवळजवळ रूढ झाले आहे. बूर्ज्वाची सुई ही दुखावलेले मन सांधणारी सुई होय, तिची रेखाटने ही निद्रानाशावरची मात्रा होय, असे ते मत. त्याला आधार पुरविण्याचे काम तिने स्वतःच केले. 1982 साली न्यूयॉर्कच्या ‘म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्ट’मध्ये तिचे सिंहावलोकनपर प्रदर्शन भरले. त्याच सुमारास एका कलाविषयक नियतकालिकात सचित्र निवेदन लिहून तिने वडिलांच्या विश्वासघाताची आपल्या बालपणातील कथा जाहीर केली, आणि तेव्हापासून प्रत्येक टाक्यात ती कथा शोधण्याची टीकाकारांना सवय जडली. वस्तुतः ती कथा तिने काम का केले याचे फार तर एक कारण सांगते. एखादा कागद डोळ्यांपुढे टिकतो आणि त्याच्याच शेजारचा टिकत नाही, हे मात्र तिच्यावरून कळत नाही. त्यासाठी घरातल्या कलहापेक्षा घरातल्या धंद्याकडे वळणे अधिक श्रेयस्कर.

बूर्ज्वा कुटुंबाचा व्यवसाय जुन्या टॅपेस्ट्रींच्या विक्रीचा व दुरुस्तीचा होता. टॅपेस्ट्री म्हणजे विणीतूनच चित्र उमटविलेला भिंतीवरचा जाड पडदा. पॅरिसनजीक आंतोनी येथे, बिएव्र नदीच्या काठी, आई जोझेफीन ही दुरुस्तीचा कारखाना चालवी. त्या नदीचे पाणी लोकर रंगविण्यास अनुकूल मानले जाई. जुन्या टॅपेस्ट्रीची खालची कड सर्वांत आधी झिजते. परिणामी चित्रातील माणसांचे पायच नाहीसे झालेले असत. हे हरवलेले पाय रेखाटून देण्याचे काम लहानग्या लुईझकडे आले. तिने पाय रेखाटावा, त्या रेखाटनाच्या आधारे कारागीर स्त्रियांनी रंग जुळवून धागा भरावा, असा हा क्रम होता. याचा अर्थ असा की, तिच्या हाती आलेली पहिली रेषा समोर दिसणाऱ्या वस्तूची नक्कल करणारी नव्हती. जे नाही त्याची मापे घेणे हे त्या रेषेचे काम होते, आणि तिच्यामागून येणाऱ्या सुईची ती पूर्वतयारी होती. रेखन, रंग व शिवण या तीन स्वतंत्र कला म्हणून तिच्यासमोर आल्याच नाहीत. एकाच कामाच्या त्या पायऱ्या होत्या.

दुरुस्ती या शब्दाविषयीही थोडे सावध राहावयास हवे. बूर्ज्वाने पुढे सांगितल्याप्रमाणे, सोवळ्या वृत्तीच्या अमेरिकन गिऱ्हाइकांसाठी तिची आई टॅपेस्ट्रीतील नग्न बालकांची जननेंद्रिये कापून काढी आणि त्या जागी फुले विणवून घेई. म्हणजे सांधण्याच्या या व्यवसायात कापणेही अंतर्भूत होते, व सांधलेले दिसू न देणे ही त्यातील कौशल्याची कसोटी होती. उत्तम रफू न दिसणाराच असतो. सुईला केवळ क्षमाशील ठरविणाऱ्या टीकाकारांनी या कातरीचा विचार केलेला दिसत नाही.

सॉर्बोनमधील गणिताचा अभ्यास सोडून ती कलेकडे वळली. 1938 साली कलेतिहासकार रॉबर्ट गोल्डवॉटर यांच्याशी विवाह करून ती न्यूयॉर्कला आली, आणि पुढील दशकभर तिने प्रामुख्याने तैलचित्रे रंगविली. शिल्पकार म्हणून नाव झाल्यावर ही चित्रे मागे पडली. त्यांचे साकल्याने दर्शन घडण्यास 2022 सालचे मेट्रोपॉलिटन म्यूझियममधील प्रदर्शन यावे लागले. त्यांपैकी 1946–47 मधील ‘फाम मेझों’ ही मालिका सर्वज्ञात आहे. स्त्रीचे शरीर आणि मस्तकाच्या जागी घर, अशी तिची कल्पना. कल्पना प्रभावी आहे, परंतु रंगाला तिच्यात फारसे काम नाही. रेषेने जे आधीच ठरविले ते रंग केवळ भरून देतो. कारखान्यातला क्रम येथे जसाच्या तसा राहिला, फक्त धाग्याची जागा तैलरंगाने घेतली. 1949 च्या सुमारास तिने चित्रकला सोडून उभ्या लाकडी आकृतींकडे मोर्चा वळविला, याचे नवल वाटू नये.

रेखाटन मात्र तिने कधीच सोडले नाही. तिच्या दैनंदिन्या तीन प्रकारच्या होत्या : लिहिलेली, ध्वनिमुद्रकावर बोललेली आणि रेखाटलेली. यांतील रेखाटलेली तिला सर्वांत महत्त्वाची वाटे. या सवयीचे पराकाष्ठेचे फळ म्हणजे नोव्हेंबर 1994 ते जून 1995 या काळातील ‘निद्रानाशाची रेखाटने’. ही 220 कागदांची मालिका आहे. संगीतलेखनाचे रेषांकित कागद, वहीची पाने, जे हाती लागेल त्यावर शाईने वा पेन्सिलीने वर्तुळे, लाटा, केसांच्या वेण्या, घरे, पाण्याचे प्रवाह काढलेले. मधूनमधून इंग्रजीत व फ्रेंचमध्ये टिपणे. हे 220 कागद समान योग्यतेचे आहेत असे म्हणणे म्हणजे कलावंताशी व वाचकाशी प्रतारणा होय. पुष्कळ कागदांत हात केवळ रात्र ढकलीत आहे. तथापि ज्या कागदांवर रेषा छापील पंचरेषांना ओलांडते, त्यांच्यातून वाट काढते किंवा त्यांनाच पाण्याच्या पृष्ठभागाचे रूप देते, तेथे ती पूर्वीच्या पायांच्या रेखाटनाइतकीच आवश्यक वाटू लागते. फरक इतकाच की, येथे रेषेमागून कोणी सुई घेऊन येणार नाही. पोकळी मोजली जाते आणि उघडी ठेवली जाते. निवडक वीस-पंचवीस कागद भिंतीवर लावण्याची पद्धत म्हणूनच फसवी आहे. मोजण्याची ती रात्रीमागून रात्र चाललेली पुनरावृत्ती लक्षात येण्यास दुबळे कागदही पाहावे लागतात.

त्यानंतर वर्ष-दोन वर्षांतच, वयाच्या पंच्याऐंशीच्या आसपास, तिने दशकानुदशके जपून ठेवलेले स्वतःचे व आईचे कपडे बाहेर काढले. आरंभीच्या कृतींत, उदाहरणार्थ 1997 च्या ‘पिंक डेज अँड ब्लू डेज’मध्ये, झगे व अंतर्वस्त्रे अखंड आहेत आणि पोलादी खांबावर हाडांना टांगलेली आहेत. या कृतींची कीर्ती मोठी असली तरी त्या उत्तरकालीन शिवणकामाच्या तोडीच्या नाहीत. तेथे झगा कोणाचा हे माहीत असण्यावर परिणाम अवलंबून राहतो. चरित्र काढून घेतले तर कपाट तेवढे उरते. 2000 नंतर कातरी चालू लागली, आणि तेथून या साधनेला खरी धार आली. पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचे त्रिकोणी तुकडे मध्यबिंदूभोवती जोडून तिने कोळ्याच्या जाळ्यासारखी कापडी चित्रे शिवविली व शिवली. कापडावरची पट्टी ही येथे आयती मिळालेली रेषा आहे, आणि ती वळते ती केवळ शिवणीच्या जागी. पूर्वी रेषा सुईला वाट दाखवी; आता सुईच रेषेला वळण देते. जुन्या टॅपेस्ट्रीच्या तुकड्यांतून शिवलेल्या मस्तकांवरचे टाकेही मुद्दाम जाड व उघडे आहेत. आईच्या कारखान्यात असे काम नापास झाले असते.

मराठी वाचकाला या ठिकाणी गोधडीची आठवण होणे स्वाभाविक आहे, आणि जुनेर फाडून नवे करणे एवढ्यापुरते साम्य खरेही आहे. पण गोधडीतील धावदोरा थर एकत्र धरून ठेवतो. ऊब देणे आणि वर्षानुवर्षे टिकणे यासाठी तो घातलेला असतो. बूर्ज्वाच्या 2002 सालच्या ‘ओद आ लूब्ली’ (विस्मरणाचे स्तोत्र) या कापडी पुस्तकाची रचना नेमकी उलट आहे. याची पाने म्हणजे 1938 मधील विवाहाच्या वेळचे, नावाची आद्याक्षरे भरलेले तागाचे हातपुसणे. त्यांवर जुन्या कपड्यांचे तुकडे शिवून वर्तुळे, जाळ्या व पट्टे रचले आहेत. पाने मात्र कडेला काजे करून त्यांतून बांधली आहेत, कायमची शिवलेली नाहीत. बंध सोडला की पुस्तकाचे सुटे कागदच होतात. 2004 साली याच्या 25 प्रती काढण्यात आल्या, त्यांतही ही योजना कायम ठेवली गेली. जिथे कायमची शिवण घालणे सर्वांत सोपे होते तिथे ती तिने नाकारली. सांधण्याच्या सिद्धांताला याहून स्पष्ट प्रतिवाद शोधावा लागत नाही.

रंग तिच्याकडे परत आला तो सर्वांत शेवटी. 2007 नंतरच्या चित्रांत कागद आधी भिजवून त्यावर तांबडा गॉश सोडलेला आहे. गर्भवती स्त्री, अर्भक, स्तन, फूल असे मोजके आकार त्यातून उमटतात. कडा कोठे थांबेल हे ओल कमीअधिक असण्यावर राहते. ‘फाम मेझों’तील आज्ञाधारक रंगाची आठवण ठेवून हे कागद पाहिले म्हणजे साठ वर्षांतले अंतर ध्यानात येते. रेषेने आखून दिलेली हद्द येथे उरलेलीच नाही. नव्वदी ओलांडलेल्या, घराबाहेर क्वचितच पडणाऱ्या या बाईने ज्या पाण्यावर तिच्या घरचा धंदा चालला त्या पाण्याकडेच चित्राचा निर्णय सोपविला, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

या दिनचर्येचे स्वरूप सांगणारी एक कृती तिने स्वतःच करून ठेवली आहे. 2006 सालच्या तिच्या एका मालिकेचे नावच ‘सकाळी दहा वाजता तू माझ्याकडे येतोस’ असे आहे. संगीताच्या रेषांकित कागदांवर तांबड्या-गुलाबी रंगात दोन माणसांचे हात : एक तिचे, दुसरे 1980 पासून तिचे सहायक असलेल्या जेरी गोरोव्हॉय यांचे. दहा ही कामाला बसण्याची वेळ. वीस कागदांवर हे हात जवळ येतात, दूर होतात, एकमेकांत गुंततात. हातांखेरीज शरीर कोठेच काढलेले नाही.