सुपरिंटेंडेंट पाहिजे

अमेरिकेत शाळांचा कारभार बराचसा गावोगावच्या शाळामंडळांच्या हाती असतो. मंडळावरची पाच-सात माणसं बहुतेक ठिकाणी लोकांनीच निवडून दिलेली. त्यांच्या कामांतलं सर्वांत मोठं काम म्हणजे सगळ्या शाळांवर एक चांगला सुपरिंटेंडेंट नेमणं. आता नेमकं हेच काम पैसे देऊन दुसऱ्यावर सोपवायचं, अशी तिथे पद्धत पडली आहे. या दुसऱ्याला म्हणतात 'सर्च फर्म'. आपल्याकडे लग्न जुळवणारे मध्यस्थ असतात, त्यांतलीच ही जात. फरक एवढाच, की आपल्या मध्यस्थाचं कांदेपोह्यांवर भागतं आणि यांचं बिल हजारो डॉलर्सचं होतं.

फर्म आली की आधी गावाला विचारते, "तुम्हांला सुपरिंटेंडेंट कसा हवा?" माझा भाचा तिकडे असतो. त्याच्याकडेही अशी प्रश्नावली आली. त्या सरळ माणसाने लिहिलं, "शाळेची बस वेळेवर आणणारा." पुढे अहवाल आला त्यात बस नव्हती. त्यात होतं : दूरदृष्टीचा, सर्वांचं ऐकणारा, तरी खंबीर, काटकसरी आणि पुन्हा उदार! म्हणजे 'सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष, नोकरी करणारी' याचीच ही इंग्रजी आवृत्ती. या वर्णनात बसणारे एक प्रभू रामचंद्रच. पण ते यायचे आणि चौदा वर्षं रजेवर जायचे!

त्याचीही सोय आहे. नेमलेला माणूस वर्ष-दोन वर्षांत सोडून गेला तर दुसरा फुकट शोधून देऊ, अशी हमी काही फर्म देतात. पंख्याची मोटर जळाली तर बदलून मिळते, तसंच हे. पण तोवरचा उकाडा कोणी सोसायचा? चौथीतली पोरं तोवर सहावीत जातात. ती वर्षं कुठली फर्म बदलून देते?

लॉस एंजेलिसचं शाळामंडळ अमेरिकेतलं दोन नंबरचं. तिथे फर्म नेमून देशभर शोध झाला आणि जानेवारी २०१६ मध्ये नाव जाहीर झालं : मिशेल किंग. बाई त्याच मंडळाच्या शाळांत शिकलेल्या, तिथेच तीसहून अधिक वर्षं काम केलेल्या आणि तेव्हा मावळत्या सुपरिंटेंडेंटच्या हाताखालच्या मुख्य अधिकारी! काखेत कळसा असताना गावाला वळसा आपणही घालतो, पण वळशाचं बिल तरी देत नाही.

फर्मवाले म्हणतील, वळसा घातल्याशिवाय काखेतलाच कळसा बरा हे कळणार कसं? म्हणणं अगदीच खोटं नाही. मंडळातली माणसं आपापल्या नोकऱ्या सांभाळून अर्ज किती चाळणार? शिवाय मध्यस्थ नसेल तर अध्यक्षांच्या मेहुण्याची वर्णी लागण्याचं भय. तेव्हा स्थळं आणायला माणूस जरूर ठेवा. पण स्थळ आणणं निराळं आणि पारखणं निराळं.

आयोवा राज्यातल्या दे मॉइन शहराने २०२३ साली फर्मच्या मदतीने इयन रॉबर्ट्स यांना नेमलं. सप्टेंबर २०२५ मध्ये इमिग्रेशन खात्याने त्यांना अटक केली. त्यांना अमेरिकेत नोकरी करायची परवानगीच नव्हती, असं खात्याचं म्हणणं. शिवाय अर्जात लिहिलेली मॉर्गन स्टेट विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांना मिळालेलीच नव्हती. मंडळाने काय केलं? पुढच्याच महिन्यात फर्मवर दावा ठोकला : तुम्ही नीट चौकशी केली नाहीत!

दाव्याचं काय ते कोर्ट बघेल. पण मला वाटतं, फर्मच्या बिलात एक कलम न लिहिता असतं : 'उद्या बोट दाखवायला जागा.' मंडळं पैसे मोजतात ते बहुधा त्याच कलमाचे. मुलाखत घेऊन हात वर केले होते ते मंडळानेच ना? लोकांनी मतं दिली ती फर्मला नव्हेत.

स्थळ आणलं मध्यस्थाने, होकार दिला मंडळाने. नांदायचं मात्र पोरांना!