न्यायनिर्णयातील सर्वज्ञ निवेदक

विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आले. त्यातील लुटुपुटूच्या खटल्यात बेणारेबाईंचे खासगी आयुष्य पुरावा ठरते. आणि त्या अखेर बोलतात तेव्हा रंगमंचावरील न्यायालय निश्चल असते. त्यांचे स्वगत प्रेक्षकांपर्यंत पोचते, न्यायासनापर्यंत नाही. समूहाच्या हिंसेइतकाच येथे कथनमीमांसेचाही प्रश्न आहे : स्त्रीचे निवेदन कोण, कोणत्या निकषावर अविश्वसनीय ठरवतो? बेणारेबाई आरोपी आहेत. बलात्काराच्या खटल्यात तर प्रत्यक्ष फिर्यादी स्त्रीच त्या पिंजऱ्यात ढकलली जाते.

‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्याची संहिता या दृष्टीने वाचण्याजोगी आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्री तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका अनाथ आदिवासी मजूर मुलीवर अत्याचार झाल्याचा आरोप दोन पोलिसांवर होता. सत्र न्यायालयाने १९७४ साली त्यांना निर्दोष सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ साली दोषी ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली पुन्हा मुक्त केले.

सत्र न्यायाधीशांनी तिला धादांत खोटारडी ठरवले आणि त्या खोटेपणाचे कारणही पुरवले. ठाण्याबाहेर संतापलेले नातलग व प्रियकर उभे; त्यांच्यासमोर आपण शीलवती दिसावे म्हणून तिने बलात्काराची कथा रचली, असे ते कारण. हे तिच्या साक्षीतून आलेले नव्हते. तिच्या प्रत्येक वाक्यासाठी आधार मागणारे न्यायासन तिच्या मनातील विचार मात्र निराधार लिहिते. साक्षी-पुराव्याच्या प्रांतात कादंबरीचा सर्वज्ञ निवेदक शिरतो तो असा.

सर्वोच्च न्यायालयाने दुसरा संकेत वापरला. अंगावर जखमा नाहीत, म्हणून प्रतिकाराची आणि आरडाओरड्याची हकीकत खोटी, असा त्याचा निष्कर्ष होता. अत्याचाराची कथा ‘खरी’ वाटण्यासाठी त्यात झटापट आणि जखमा हव्यात, हा अतिनाट्याचा संकेत पुराव्याचा नियम होऊन बसतो. प्रतिकार सांगावा तर जखमा कुठे, न सांगावा तर संमती. भीतीने आलेली शरणागती म्हणजे संमती नव्हे, हा उच्च न्यायालयाने केलेला भेद या वाचनात पुसला गेला.

१९७९ साली उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार यांनी सरन्यायाधीशांना लिहिलेले खुले पत्र म्हणूनच समीक्षेचाही नमुना ठरते. संमती आणि शरणागती यांतील अंतर त्याने पुन्हा मांडले. १९८३ च्या दुरुस्तीने कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात, संभोग सिद्ध झाल्यावर, संमती नव्हती या स्त्रीच्या कथनाला अनुकूल गृहीतक दिले. फिर्यादी स्त्री सामान्यतः अनैतिक वर्तनाची आहे असे दाखवून तिची साक्ष खोडण्याची पुरावा कायद्यातील मुभा मात्र २००२ पर्यंत टिकली.

प्रत्येक साक्ष तपासली गेलीच पाहिजे. आरोपीच्या निर्दोषत्वाचे गृहीतक सोडून न्याय संभवत नाही. परंतु साक्ष तपासणे वेगळे आणि साक्षीदाराचे पात्र रचणे वेगळे. शंकेचा लाभ आरोपीला देण्यासाठी फिर्यादीला खोटारडी ठरवणे आवश्यक नसते; पुरावा अपुरा आहे, एवढे म्हणणे पुरते. या दोन विधानांमधली जागा कल्पिताने भरली जाते. निवेदकाच्या विश्वासार्हतेची चर्चा कथा-कादंबरीपुरती राखणाऱ्या समीक्षेने न्यायनिर्णयाची ही संहिताही आपल्या कक्षेत घेतली पाहिजे, कारण येथे निवेदकाच्या शब्दाने माणसाचे आयुष्य ठरते.