पडद्यावर मरणारा विषाणू आणि डबीत राहिलेली गोळी

'गृहपाठ झाला का?' असे विचारले की वर्गातून 'हो सर' असा एकमुखी आवाज येतो. खरा आकडा वह्या तपासल्यावर कळतो. एड्सवरील संशोधनाला हाच अनुभव आफ्रिकेत आला. एचआयव्हीची लागण न झालेल्या माणसाने टेनोफोविर आणि एमट्रिसिटाबिन यांची एकत्रित गोळी रोज घेतली तर लागण टळू शकते. या उपायाला 'प्रेप' म्हणतात. अमेरिकेत त्याला २०१२ साली मान्यता मिळाली. 'व्हॉइस' या चाचणीत दक्षिण आफ्रिका, युगांडा व झिम्बाब्वे येथील ५,०२९ स्त्रियांनी भाग घेतला. त्यांच्या सांगण्यावरून सुमारे ९० टक्के मात्रा घेतल्या जात होत्या. रक्त तपासले तेव्हा, ज्यांना औषधाच्या गोळ्या दिल्या होत्या त्यांच्या जेमतेम ३० टक्के नमुन्यांत औषध आढळले. चाचणीत गोळीचा काहीच फायदा दिसला नाही, आणि तो दिसणार तरी कसा?

ही सवय मोबाइलवरील खेळाने लावता येईल, असे काही संशोधकांना वाटते. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील जॅक्सन शहरात, समलिंगी तरुणांना विचारून, त्यांच्याकडून तपासून घेऊन 'व्हायरल कॉम्बॅट' नावाचा खेळ तयार झाला. खेळणारा विषाणूंशी लढतो आणि लढता लढता औषध कसे काम करते हे शिकतो.

या कल्पनेची थट्टा करणे सोपे आहे, पण तिच्यामागे एक खरी अडचण आहे. डोके दुखत असताना घेतलेली गोळी तासाभरात आपले बक्षीस देते. प्रेपची गोळी निरोगी माणूस घेतो आणि ती यशस्वी झाली तर काहीच घडत नाही! कालची गोळी चुकली तरी आज तब्येत तशीच असते. जे घडले नाही त्याचे समाधान माणसाला मिळत नाही. खेळ ही उणीव भरून काढतो. अडवलेला विषाणू तो डोळ्यांना दाखवतो. आपण वर्गात अदृश्य रेणूंसाठी मणी आणि काड्या वापरतो, तसेच हे आहे.

पूर्वीचा अनुभवही अगदीच निराशाजनक नाही. कर्करोग झालेल्या किशोरांसाठी व तरुणांसाठी 'री-मिशन' हा संगणकीय खेळ होता. त्याची ३७५ रुग्णांवरील चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. हा खेळ मिळालेल्या गटाने औषधे अधिक नियमितपणे घेतली. 'व्हायरल कॉम्बॅट'च्या छोट्या चाचणीतही निकाल आशादायक निघाला. मात्र याच संशोधकांचा आधीचा खेळ 'बॅटलव्हायरो', एचआयव्हीबाधित तरुणांसाठी केलेला. ६१ जणांच्या त्या चाचणीत दोन्ही गटांत एकंदर ठळक फरक दिसला नाही. फायदा झाला तो नुकतेच औषध सुरू केलेल्यांना. मला हा निकाल फार बोलका वाटतो. नवख्याला माहिती हवी असते, ती खेळाने दिली. जुन्या रुग्णाला माहिती होतीच. त्याचे अडले होते दुसरीकडे.

ते कुठे अडते, हे 'व्हॉइस'मधील स्त्रियांकडून नंतर समजले. संशोधकांनी काही जणींना त्यांच्याच रक्ताचे निकाल दाखवले आणि दोष न देता विचारले, तेव्हा त्या मोकळेपणाने बोलल्या. दुष्परिणामांची भीती होती, नवऱ्याचा किंवा जोडीदाराचा संशय होता. हीच औषधे बाधितांच्या उपचारातही वापरतात. त्यामुळे डबी कुणी पाहिली तर 'हिला लागण झालेली दिसते' असा ग्रह होणार. या भीतीवर गुणांचा आणि पातळ्यांचा काय उपाय? उलट फोन घरात चार हातांत फिरत असेल, तर हा खेळच चुगली करायचा.

बक्षिसांबद्दलही शिक्षकांना एक जुना प्रयोग ठाऊक असावा. १९७३ साली लेपर, ग्रीन व निस्बेट यांनी चित्रे काढण्याची आवड असलेल्या बालवाडीतील काही मुलांना प्रमाणपत्राचे आमिष दाखवले. पुढे मोकळ्या वेळात ही मुले इतरांच्या निम्माच वेळ चित्रे काढू लागली. गोळी गिळण्याची आवड कुणालाच नसते, म्हणून तो निष्कर्ष इथे जसाच्या तसा लावता येणार नाही. पण पातळ्या संपल्या, गुण थांबले, की पुढे काय, हा प्रश्न उरतोच. काही आठवड्यांच्या चाचणीतून त्याचे उत्तर मिळत नाही.

माझा मुख्य आक्षेप मोजमापाचा आहे. किती जणांनी खेळ उतरवून घेतला, किती मिनिटे खेळले, किती जणांना आवडला, हे आकडे गोळा करणे सोपे असते आणि तेच मोठ्या अक्षरांत छापले जातात. रक्तद्रवातील टेनोफोविर फक्त गेल्या काही दिवसांचे सांगते. डॉक्टरकडे जाण्याच्या आदल्या दिवशी गोळी घेणारा माणूस त्यात उत्तीर्ण होतो, जशी साहेब तपासणीला येणार म्हणून आदल्या संध्याकाळी व्हरांडा झाडणारी शाळा होते. तांबड्या पेशींत मात्र त्याचे एक रूप साठून राहते, ज्याचा अर्धायुकाल सुमारे १७ दिवसांचा आहे. कागदावर वाळवलेल्या रक्ताच्या थेंबातून गेल्या महिना-दोन महिन्यांचा हिशेब निघतो. मधुमेहींची 'एचबीए१सी' चाचणी बहुतेकांना माहीत असेल, तसाच हा प्रकार. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, आठवड्याला चार किंवा अधिक गोळ्यांइतके औषध ज्यांच्या रक्तात होते अशा पुरुषांत व पारलिंगी स्त्रियांत एकही लागण झाली नाही. खेळाची परीक्षा या थेंबावर व्हावी, आणि तीही खेळाचे नावीन्य ओसरल्यावर.

दरम्यान मैदानच बदलते आहे. २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिका व युगांडातील चाचणीत, सहा महिन्यांतून एकदा लेनाकापाविरचे इंजेक्शन मिळालेल्या २,१३४ स्त्रियांपैकी एकीलाही लागण झाली नाही. त्याच चाचणीत रोजच्या गोळ्या मिळालेल्या गटांत लागणी झाल्या, आणि तिथेही बहुतेकींच्या रक्तात औषध फारच कमी सापडले. इंजेक्शनची डबी घरात ठेवावी लागत नाही. ज्यांना ते मिळत नाही त्यांची गोळी मात्र आजही उशाखाली लपवलेली असते.