पसारा मोजला कसा? दिवाळीची आवराआवर आणि दोन पेपर

मागच्या वर्षी माझ्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य होतं: 'घरातील पसाऱ्यामुळे स्त्रियांमधील ताण वाढतो, हे सिद्ध झाले आहे.' पुढे दोन आडनावं आणि २०१० हे साल. सल्लागार समितीतल्या एका मॅडमनी चष्मा वर करून विचारलं, "यात पसारा मोजला कसा?" मी गप्प. कारण तो पेपर मी उघडलाच नव्हता. वाक्य आलं होतं दिवाळीच्या आधीच्या एका रविवार पुरवणीतून, आणि पुरवणीतलं ते पान मला आईने फॉरवर्ड केलं होतं.

म्हणून ही पोस्ट. पेटची तयारी करणाऱ्या किंवा पहिल्या वर्षात असलेल्या तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या लिटरेचर रिव्ह्यूमध्ये अशी एक-दोन वाक्यं असणार. माझ्यात होतं, म्हणून खात्रीने सांगतोय.

ते पुरवणीतलं पान तुमच्या डोळ्यांसमोर येईलच. मथळ्यात 'सणासुदीची स्मार्ट आवराआवर' वगैरे. एका बाजूला दिव्यांच्या माळांचा फोटो, दुसऱ्या बाजूला पांढऱ्याशुभ्र कपाटासमोर हसणारी बाई. (आमच्या कपाटासमोर गेली वीस वर्षं कोणी हसलेलं मला आठवत नाही.) मजकुरात तीन प्रकारच्या गोष्टी एकत्र मळलेल्या होत्या. काही घरगुती युक्त्या. एक वाक्य: 'संशोधन सांगते की पसाऱ्यामुळे कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढते.' आणि आणखी एक: 'लवकर सजावट करणारे लोक अधिक आनंदी असतात, असेही मानसशास्त्र सांगते.'

युक्त्यांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. माळा गुंडाळताना पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळायच्या, म्हणजे पुढच्या वर्षी गुंता सोडवत बसावं लागत नाही. पणत्या आधी पाण्यात भिजवून घ्यायच्या, म्हणजे त्या तेल पीत नाहीत. बांबूच्या कामट्यांचा कंदील कागद काढून घडी करून ठेवायचा, सांगाडा चार वर्षं चालतो. रांगोळीच्या रंगांच्या पुड्या घट्ट झाकणाच्या डब्यात. हे सगळं खरं आहे, उपयोगाचं आहे, आणि ते खरं असायला कुठल्याही जर्नलची गरज नाही. गडबड पुढच्या दोन वाक्यांत आहे.

आधी कॉर्टिसॉल. मूळ पेपर डार्बी सॅक्सबी आणि रेना रेपेटी यांचा. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात कुटुंबांच्या रोजच्या जगण्यावर एक मोठा प्रकल्प झाला, त्यातून हा निघाला. दोघंही कमावणारी, मुलं असलेली मध्यमवर्गीय जोडपी. पेपरमध्ये साठ माणसं, म्हणजे तीस जोडपी. प्रत्येकाला सांगितलं की तुमचं घर आम्हाला फिरवून दाखवा, आणि दाखवताना बोला. त्या बोलण्याचं लेखी रूप करून एका सॉफ्टवेअरने शब्द मोजले. पसाऱ्याचे, 'अजून करायचं राहिलंय' अशा अर्थाचे शब्द एका बाजूला. निवांतपणाचे, झाडाफुलांचे दुसऱ्या बाजूला. त्यातून प्रत्येकाला दोन गुण मिळाले. ताण देणारं घर किती आणि उभारी देणारं घर किती.

आता मॅडमचा प्रश्न परत वाचा. पसारा मोजला कसा? या पेपरमध्ये तो मोजलाच नाही. मोजलं ते पसाऱ्याबद्दलचं बोलणं. फरक बारीक वाटतो, पण तुमचा अख्खा चॅप्टर त्यावर उभा राहतो किंवा पडतो. माझ्या आईला घर दाखवायला सांगा. डबे रांगेत, भांडी लखलखीत, आणि ती पहिलं वाक्य म्हणणार, "अगं बाई, सगळा पसारा पडलाय, बघू नका." तिचे 'पसारा' गुण पैकीच्या पैकी. बाबांना सांगा. ते पेपरांच्या गठ्ठ्यावरून पाय टाकत जातील आणि म्हणतील, "हा हॉल, ही गॅलरी." पसारा शून्य. घर एकच.

मग कॉर्टिसॉल. ते 'वाढतं' असा निष्कर्ष नाहीच. कॉर्टिसॉल सकाळी जास्त असतं आणि दिवसभरात उतरत जातं. ज्या बायकांच्या बोलण्यात ताणाचे शब्द जास्त होते, त्यांचा हा उतार कमी तीव्र होता, सपाट होता, आणि असा सपाट उतार प्रकृतीला बरा नसतो असं इतर संशोधनांवरून मानलं जातं. त्याच बायकांचा उदासपणाही दिवस सरेल तसा वाढत होता. उभारीचे शब्द जास्त असणाऱ्यांच्या बाबतीत उलट. 'उतार सपाट असणं' आणि 'पातळी वाढणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुरवणीवाल्याला ते माफ करू, त्याला शब्दमर्यादा असते. आपल्याला ती सबब नाही.

दिशेचं काय? घर अस्ताव्यस्त आहे म्हणून बाई दमलेली, की बाई दमलेली आहे म्हणून तिला घर अस्ताव्यस्त दिसतंय? लेखिकांना हा प्रश्न पडलेला होता. वैवाहिक समाधान आणि चिंताळू स्वभाव या दोन गोष्टी हिशोबात धरूनही संबंध टिकला, असं त्यांनी दाखवलंय, आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण त्यामुळे संबंधाचं कारण होत नाही. पेपरच्या शीर्षकातच 'सहसंबंध' या अर्थाचं क्रियापद आहे. माझ्या सिनॉप्सिसमधल्या वाक्यात 'मुळे' होतं आणि वर 'सिद्ध'ही होतं. ते दोन्ही शब्द माझे होते.

सगळ्यात मोठी गोष्ट तर मला तिसऱ्या वाचनात दिसली. या अभ्यासात कोणी काही आवरलंच नाही! कुणाचं घर आवरून मग पुन्हा मोजमाप घेतलं असं काही नाही. म्हणजे 'आवरलं की ताण कमी होतो' हा सल्ला या पेपरमधून निघत नाही. उलट आवरणं हेच एक काम आहे, आणि ते कोणाच्या वाट्याला येतं हा प्रश्न पुरवणीने चित्रातल्या हसऱ्या बाईवर सोडून दिला होता. आईने ते पान वाचून मला काय लिहिलं माहितीये? "बघ, तुझ्या बाबांच्या बीपीला मीच कारण." खाली हसण्याची इमोजी होती. मीही इमोजी टाकून मोकळा झालो, आणि तेच वाक्य सिनॉप्सिसमध्ये उचललं.

'लवकर सजावट करणारे आनंदी' या वाक्याचा माग काढायला मला एक संध्याकाळ लागली, तोही अनुभव घेण्यासारखा आहे. २०१७ च्या नोव्हेंबरच्या सुमारास इंग्रजी संकेतस्थळांवर एका मनोविश्लेषकाचं मत फिरलं, की ख्रिसमसची सजावट लवकर काढणारे लोक जुन्या आठवणींच्या ओढीने तसं करतात आणि त्यांना बरं वाटतं. मत होतं, अभ्यास नव्हता. पण बातमीला वजन हवं म्हणून बऱ्याच ठिकाणी शेपटाला एक १९८९ चा पेपर बांधला गेला. मराठीत येताना ख्रिसमसची दिवाळी झाली आणि मताचं 'मानसशास्त्र सांगते' झालं.

तो १९८९ चा पेपर कॅरल वर्नर, सोन्या पीटरसन-लुईस आणि बार्बरा ब्राउन यांचा, पर्यावरणीय मानसशास्त्राच्या जर्नलमधला. हा मात्र शोधून वाचाच. त्यांनी काय केलं? लोकांना अनोळखी घरांचे बाहेरून काढलेले फोटो दाखवले. काही घरांवर ख्रिसमसची सजावट, काहींवर नाही. काही घरांत मिसळणारी माणसं राहत होती, काहींत न मिसळणारी. ते राहणाऱ्यांनी स्वतःच सांगितलेलं होतं. फोटो बघणाऱ्यांनी अंदाज करायचा, की इथली माणसं किती मिळूनमिसळून असतील. सजावटीची घरं जास्त मनमिळाऊ वाटली. आनंद मोजलेला नाही. सजावट कधी लावली हे मोजलेलं नाही. मोजलं ते बघणाऱ्याला काय वाटलं एवढंच.

आणि खरी गंमत पुढे आहे, जी कुठल्याच बातमीत येत नाही. सजावट नसताना बघणाऱ्यांचा अंदाज बरोबर येत होता. नुसत्या घराकडे बघून मिसळणारे आणि न मिसळणारे त्यांनी ओळखले. सजावट आल्यावर मात्र न मिसळणाऱ्यांनाच थोडे जास्त गुण मिळाले. म्हणजे सजावटीने माणसं कळायला मदत झाली नाही, उलट जे कळत होतं ते झाकलं गेलं. लेखिकांचा एक विचार असा, की शेजारात अजून न रुळलेली माणसं कदाचित सजावटीतून 'आम्हालाही बोलवा' असं सांगत असतील. मला हा मुद्दा फार आवडतो. पण तो 'कदाचित' आहे.

आता कोणीतरी म्हणेल, मग हाच प्रयोग आपण आकाशकंदिलावर करू. पुण्यातली किंवा डोंबिवलीची एखादी सोसायटी घ्या, गॅलऱ्यांचे फोटो काढा, झालं. डिझर्टेशनसाठी विषय म्हणून मीसुद्धा हे सुचवून बसलो होतो. पण जरा थांबा.

आजी गेली त्या वर्षी आमच्या गॅलरीत कंदील नव्हता. तोरण नाही, माळा नाहीत, दारात रांगोळी नाही. तीन मजल्यांवर एकटी आमचीच गॅलरी काळी. फोटो काढून तुम्हाला दाखवला असता तर तुम्ही आम्हाला काय गुण दिले असते? न मिसळणारी, कोरडी माणसं. आणि त्याच चार दिवसांत आमच्या ओट्यावर फराळाचे सात डबे आले होते, कारण वर्षाच्या आत आपण तळण काढायचं नसतं आणि शेजारी ते जाणून असतात. समोरच्या काकूंनी चकल्या आणल्या आणि दारातच उभं राहून आईचा हात धरला. त्या दिवाळीत आमच्या घराइतकं शेजाराशी बांधलेलं घर त्या जिन्यात दुसरं नव्हतं.

अमेरिकेतल्या त्या फोटोत सजावट नसण्याचा अर्थ 'काही केलेलं नाही' एवढाच धरता येत असेल. आपल्याकडे कंदील नसणं हेही एक सांगणं असतं. मोजपट्टी तीच, पण ती मोजते ती गोष्ट बदलली. पुस्तकात याला रचनात्मक वैधता म्हणतात आणि नेटच्या परीक्षेत त्यावर दोन मार्कांचा प्रश्न येतो. मला ती व्याख्या पाठ होती. कळली ती या पेपरवर टिपणं काढताना, आजीची ती दिवाळी आठवल्यावर.

तुमच्यातला कोणी विचारेल, मग आवराआवरीवर भारतातला काहीच आकडा नाही का? आहे, पण तोही जपून वापरा. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकामाला स्त्रियांची दिवसाला २९९ मिनिटं आणि पुरुषांची ९७ मिनिटं जातात असं आलं. २०२४ मध्ये हेच आकडे २८९ आणि ८८. पण ही सरासरी त्या दिवशी घरकाम केलेल्यांचीच आहे. २०१९ मध्ये घरकाम केलेल्या स्त्रिया होत्या ८१.२ टक्के, पुरुष २६.१ टक्के. म्हणजे ९७ मिनिटं ही 'भारतीय पुरुषा'ची नाहीत, भांडी-केरवारे वगैरे काहीतरी केलेल्या एक चतुर्थांश पुरुषांची आहेत. शिवाय सर्वेक्षण वर्षभर चालतं आणि एका घराचा एकच दिवस विचारतं. दिवाळीच्या आधीचा तो आठवडा, ज्यात गाद्या उन्हात जातात, पितळ चिंचेने घासलं जातं, पंखे पुसले जातात, तो वर्षाच्या सरासरीत विरघळून जातो. हंगामी काम पकडायचं तर त्याच आठवड्यात त्याच घरी जाऊन बसावं लागेल. सध्या मी तेच करायचं ठरवतोय. गाईड म्हणतात दिवाळीत तुला घरात कोण घेईल. बघू.

सिनॉप्सिसमधलं वाक्य आता असं आहे: 'लॉस एंजेलिसमधील तीस दुहेरी उत्पन्नाच्या जोडप्यांच्या अभ्यासात, घराचे वर्णन करताना पसारा व अपूर्ण कामांचे शब्द अधिक वापरणाऱ्या पत्नींमध्ये कॉर्टिसॉलचा दैनंदिन उतार अधिक सपाट आढळला.' लांबलचक आहे आणि कोणी फॉरवर्ड करणार नाही. पण मॅडमनी विचारलं तर उत्तर माझ्याकडे आहे.

मुलाखतीचे प्रश्न तपासून बघायला सुरुवात घरापासूनच केली. आईला विचारलं, "गेल्या दिवाळीला माळा कोणी आवरला?"

"आपण सगळ्यांनी," ती म्हणाली.

मी लिहून घेतलं. मग विचारलं, "स्टुलावर कोण चढलं होतं?"

"मी."

"आणि स्टूल कोणी धरलं?"

"कोणी कशाला धरायला हवं? भिंतीला टेकवलं की हलत नाही." थोड्या वेळाने आतून म्हणाली, "अरे, ते थर्माकोलचं जुनं मखर अजून तिथेच आहे बरं का. बंदी येऊन किती वर्षं झाली. ते तेवढं तू काढ."

प्रश्नावलीतला पहिला प्रश्न मी खोडला आहे. त्याजागी स्टुलाचे दोन घातलेत.