समवाय आणि भाषेचे पाठटाचण

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर डॉ. झाकीर हुसेन समितीने जी योजना मांडली, तिची चिकित्सा बहुधा मूलोद्योगाच्या अर्थकारणाभोवती फिरत राहिली. पाठाची व घटकाची आखणी करणाऱ्या नव्या शिक्षकाला तीतून काय मिळाले, हा प्रश्न मागे पडला.

साडेपाच तासांच्या दिवसात मूलोद्योगास ३ तास २० मिनिटे आणि मातृभाषेस ४० मिनिटे, ही समितीची वाटणी होय. तेव्हा भाषेस समवायाचा आधार घेणे क्रमप्राप्तच होते. समितीने उद्योगाबरोबर निसर्ग व समाज यांनाही समवायाची केंद्रे मानले होते. पाठटाचणात मात्र अनेकदा उद्योग तेवढा उरतो, आणि तोही प्रस्तावनेपुरता. हर्बार्टच्या अनुयायांनी रूढ केलेल्या पंचपदीची पहिली पायरी पूर्वज्ञान जागविण्याची. तेथे "कापूस कोठे पिकतो?" असे विचारावयाचे, उत्तर येताच कापसावरील कवितेचे हेतुकथन करावयाचे, आणि पुढे टकळीचे नावही काढावयाचे नाही! याला समवाय कसे म्हणावे?

प्रस्तुत लेखकाच्या मते समवाय साधावयाचा तो आशयाशी नव्हे, भाषेच्या रूपाशी. कताई करणाऱ्या मुलाच्या तोंडी येणारे शब्दच पाहावेत. 'कापूस'चे 'कापसाचा' होताना ऊकार लोपतो. 'सूत'चे 'सुताचा' होताना तो केवळ ऱ्हस्व होतो. 'चरखा' व 'धागा' यांची 'चरख्याचा', 'धाग्याचा' अशी रूपे होतात. 'टकळी' एकवचनात बदलत नाही, अनेकवचनात मात्र 'टकळ्यांनी' होते. सामान्यरूपाचे निम्मे प्रकरण येथेच हाती लागते. वर्धेकडील मूल घरी 'सुताले' म्हणते, पुस्तकात 'सुताला' वाचते. प्रत्यय निराळा, सामान्यरूप तेच. हे ज्याच्या ध्यानी आले तो शिक्षक मुलाची बोली खोडून काढण्याच्या भरीस पडणार नाही.

हे एका तासिकेत मावत नाही. म्हणूनच पाठाआधी घटक आखावा लागतो. पहिल्या तासिकेस मुलांनी कामाच्या वेळी उच्चारलेली वाक्ये फळ्यावर यावीत, दुसरीस मुलांनीच त्यांतील रूपांचे गट पाडावेत, तिसरीस 'माणूस', 'फूल', 'घोडा' अशा उद्योगाबाहेरच्या शब्दांवर नियम ताडून पाहावा. मग कामाची रोजनिशी लिहावी. नवा शिक्षक बहुधा नियमापासून आरंभ करतो आणि तेथेच फसतो.

अर्थात कताईच्या खोलीत सर्वच भाषा येत नाही. 'पाऊस पडला असता तर पीक आले असते' असा संकेतार्थ सूत कातताना सहसा निघत नाही. तो शेतावर निघेल, अथवा सरळ गोष्टीतून शिकवावा लागेल. ओढूनताणून जुळविलेला समवाय टाचणात शोभतो, वर्गात टिकत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांच्या सहवासात घालविण्याची सूचना केली आहे. त्या दहा दिवसांचे टाचण लिहिताना शिक्षकाने सुताराच्या वा कुंभाराच्या तोंडची क्रियापदे टिपून आणली, तर अकराव्या दिवशीच्या मराठीच्या तासिकेस साहित्य मिळेल.