मन्सूरचा गुन्हा कोणता?

उर्दू शाळेत तल्मीह शिकवणे हे आमचे दरवर्षीचे काम. तल्मीह म्हणजे शेरात जुन्या कथेकडे केलेला नुसता इशारा. ज्याला कथा ठाऊक त्यालाच तो कळायचा. फळ्यावर नेहमीची उदाहरणे लिहून द्यायची: यूसुफचा कुर्ता, मूसाचा तूर, फरहादची कुदळ, मन्सूरचा सूळ. मन्सूरपुढे अर्थ एका ओळीत: 'अनल हक' म्हणाला म्हणून सुळी गेलेला सूफी. मुले वहीत उतरवून घेतात, परीक्षेत तेच लिहितात, आम्ही दोनपैकी दोन गुण देतो. मागे एका पिंजाऱ्याच्या मुलाने मात्र विचारले, "सर, आमचे आडनाव मन्सुरी. हा आमचाच ना? मग त्याचा गुन्हा काय होता?" आम्ही तीच ओळ पुन्हा वाचून दाखवली. मुलगा खाली बसला, पण आमचेच समाधान झाले नाही.

शोधू लागलो तेव्हा पहिला धक्का नावापाशीच बसला. या माणसाचे नाव मन्सूर नव्हते. तो हुसैन, मन्सूर त्याच्या वडिलांचे नाव. हल्लाज म्हणजे कापूस पिंजणारा, म्हणून तर पिंजारी समाज आपला धागा त्याच्याशी जोडतो. हुसैन बिन मन्सूर हल्लाज, जन्म सुमारे ८५८, इराणातल्या फार्स प्रांतात. फारसी आणि उर्दू शायरीने मुलाऐवजी बापाला सुळावर चढवले आणि हजार वर्षे कुणाला त्याचे काही वाटले नाही! नाव चुकले तर बिघडले काय, असे कुणी म्हणेल. पण जिथे नावाचीच चौकशी झाली नाही तिथे गुन्ह्याची काय होणार?

आता बगदादचा खटला पाहू. हल्लाज पकडले गेले, आणि ९१३ पासून सुमारे नऊ वर्षे बगदादमध्ये कैदेत राहिले. खलिफा मुक्तदिरच्या दरबारात त्यांचे चाहते होते. खुद्द खलिफाची आई शगब आणि हाजिब नस्र त्यांच्या बाजूचे. वजीर हामिद बिन अब्बास विरोधात. हा वजीर मूळचा महसुलाच्या मक्त्यांतून गबर झालेला माणूस. त्याच्या धान्याच्या साठेबाजीमुळे बगदादमध्ये दंगली झाल्या होत्या. अशा माणसाला एकाएकी दीनची काळजी लागली! त्याने हल्लाज यांच्या शागिर्दांच्या घरांतून कागद जप्त केले आणि एकेक वाचून घेतला. 'अनल हक' हे वाक्य त्याच्या कामाचे नव्हते. सूफीच्या हाल-अवस्थेतल्या उद्गारावर शरीयतच्या अदालतीला निकाल देता येत नाही, असे शाफई विद्वान इब्न सुरैज यांनी पूर्वीच सांगून ठेवले होते. वजिराला हवा होता फिकहच्या चिमट्यात सापडणारा मजकूर.

तो सापडला. त्यात लिहिले होते की ज्याला हजला जाता येत नाही त्याने घरातली एक स्वच्छ जागा राखून ठेवावी, हजच्या दिवसांत तिचा तवाफ करावा, मग तीस यतीम मुलांना बोलावून चांगले जेवू घालावे, स्वतः वाढावे, हात धुवायला पाणी द्यावे, प्रत्येकाला कपडा आणि काही दिरहम द्यावेत. हे हजच्या जागी होईल. मालिकी काजी अबू उमर यांनी विचारले, हे कुठून आणले? हल्लाज म्हणाले, हसन बसरींच्या किताबातून. काजी उसळून म्हणाले, ते किताब आम्ही मक्केत ऐकले आहे, त्यात असे काही नाही. आणि त्या रागात 'तुझे रक्त हलाल' असा शब्द त्यांच्या तोंडून निसटला. वजिराने तो शब्द पकडला. हेच लिहून द्या, म्हणाला. काजी विषय बदलू लागले, हल्लाज यांच्याशी पुन्हा बोलू लागले. वजिराने दौत त्यांच्यापुढे सरकवली. शेवटी त्यांनी लिहिले आणि हजर असलेल्यांनी खाली सह्या केल्या. २६ मार्च ९२२ रोजी फटके मारून, हातपाय तोडून हल्लाज यांना खांबावर टांगले. दुसऱ्या दिवशी शिर कापले, देह जाळला आणि राख दजला नदीवर उधळली. पुस्तके विकणाऱ्यांना बोलावून शपथ घेतली गेली की हल्लाज यांचे लिखाण विकणार नाही, विकत घेणार नाही.

म्हणजे आम्ही फळ्यावर लिहितो ती ओळ अदालतीच्या कागदात नाहीच. तिथे आहेत तीस यतीम.

त्या मजकुराची शरई बाजू आम्ही मांडत नाही. हज फर्ज आहे, त्याला घरात पर्याय नाही, ही आमचीही धारणा आहे. प्रश्न साहित्याचा आहे. अत्तारांच्या 'तजकिरतुल औलिया'पासून पुढे हा माणूस आशिक झाला, सूळ ही मेहबूबच्या भेटीची पायरी झाली. फार सुंदर कल्पना, यात शंका नाही. पण जो स्वतः हसत सुळावर चढतो त्याला चढवणारा कुणी लागत नाही. इश्काने मेलेल्याचा कातिल शोधत नाहीत. वजीर गेला, दौत गेली, खाली सह्या करणारे गेले. हल्लाजविषयीचे मत विचारल्यावर, तू लोकांचा माल आणि जान घेतलीस त्याचे बघ, असे वजिराला तोंडावर सुनावणारे आणि त्यापायी मार खाऊन मेलेले इब्न अता, त्यांचे नाव तर एकाही गझलेत आम्हाला आढळलेले नाही. इकबालांनी 'जावेदनामा'त (१९३२) हल्लाज यांना गालिब आणि ताहिरा यांच्यासोबत आकाशात फिरते ठेवले. तिथेही चर्चा तकदीर आणि खुदीची, बगदादच्या धान्याची नाही. ते धान्य साठच्या दशकात इजिप्तचे कवी सलाह अब्दुस्सबूर यांच्या 'मअसातुल हल्लाज' या पद्यनाटकात परत आले. तिथला हल्लाज गरिबांत मिसळतो आणि म्हणून मारला जातो.

आपल्याकडे असे वाचन एकाने केले, तेही ऐन विशीत. मौलाना आझादांनी १९१० मध्ये सरमदवर लेख लिहिला. सरमद काशानहून आलेला, मूळचा यहुदी, व्यापार सोडून विवस्त्र फिरणारा, फारसी रुबायांचा शायर. त्याच्यावर ठपका ठेवला नग्नतेचा आणि अर्धा कलमा पढण्याचा. दाराशिकोहला १६५९ मध्ये संपवले आणि दोनेक वर्षांत त्याच्या या मित्राला दिल्लीत. आझादांनी कपड्यांवर आणि कलम्यावर न थांबता या मैत्रीवर बोट ठेवले. फतव्याच्या पडद्यामागचे राजकारण दाखवले. (हेच आझाद पुढे १९४२ ते १९४५ नगरच्या किल्ल्यात कैदेत होते, हे मराठी वाचकाला सांगायला नको.) पण त्या लेखाची वाट पुढे कुणी फारशी चालले नाही. सरमदही तल्मीह झाला.

आणि आम्ही मराठीत लिहिणारे? आमच्या कवितांतही मन्सूर येतो, बहुधा कवी स्वतःच मन्सूर असतो. संपादकाने कविता परत पाठवली तरी सूळ, मोहल्ल्यात कुणी सलाम घेतला नाही तरी सूळ. हे फार स्वस्त झाले आहे. उलट मोहल्ल्यात एखाद्याने वेगळा प्रश्न विचारला आणि चार माणसांनी त्याला 'गुमराह' ठरवले, तर त्या बैठकीत आम्ही कुठे बसलेलो असतो? सह्या करणाऱ्यांच्या ओळीत नसलो तरी दाराजवळ, चप्पल शोधत. त्या जागेवरून लिहिलेली एक कथा, एक कविता आम्हाला वाचायची आहे. सुळावरच्या माणसाबद्दल पुष्कळ झाले; काजी अबू उमर यांच्याबद्दल मराठीत काहीच नाही. रागाच्या भरात एक शब्द बोलून बसलेला विद्वान माणूस, समोर आलेली दौत, आणि विषय बदलण्याची ती केविलवाणी धडपड. यात एक नाटक आहे आणि ते आमच्याच घरातले आहे.

यंदा तल्मीहचा धडा आला तेव्हा आम्ही फळ्यावर मन्सूर लिहिले, ते खोडून हुसैन बिन मन्सूर लिहिले आणि तीस यतीमांची हकीकत सांगितली. त्या पिंजाऱ्याच्या मुलाने हात वर केला. "सर, परीक्षेत कोणते लिहायचे?"