पंतांचे निरोष्ठ रामायण

बारामतीच्या मोरोपंतांनी (१७२९–१७९४) एकशे आठ रामायणे रचली, असे परंपरा सांगते. सगळे महाभारत आर्येत आणले ते वेगळेच. त्या रामायणांतले एक निरोष्ठ. त्यात प, फ, ब, भ, म ही ओठ मिटणारी अक्षरे नाहीत. वृत्त सांभाळायचे, कथा पुढे न्यायची आणि ओठाला ओठ लागू द्यायचा नाही! तरुणपणी कीर्तनात मी याचे फार कौतुक करी. श्रोते थक्क होत, आणि खरे सांगतो, ती वाहवा मी माझीच समजे. एकदा आरती झाल्यावर एका माळकरी आजींनी विचारले, "बुवा, ओठ मिटायचेच नाहीत, तर 'राम' म्हणायचं कसं?"

मी निरुत्तर झालो. कथा सगळी आहे, नाव तेवढे नाही. आणि आपले तर नावाशीच काम.

तरी पंतांना कोरडे कारागीर म्हणू नका. 'केकावली' सावकाश वाचा. केका म्हणजे मोराचा टाहो. मोर स्वतः पंतच. पृथ्वी वृत्त तिथेही चोख, श्लेषाची खोडही सुटलेली नाही. पण देवाशी भांडता भांडता पंत काकुळतीला येतात, तिथे पांडित्य मागे राहते आणि हाक तेवढी ऐकू येते. एवढी रामायणे लिहून हात तयार झाला म्हणूनच ती हाक इतकी सरळ उतरली असेल काय? मला तसे वाटू लागले आहे. आता गळा राहिला नाही. हरिपाठ झाला की केकावलीतले दोन-चार श्लोक हळूच म्हणतो.